‘मंडळी’ या शब्दाचा शोध : ‘देवाचा दरबार’ आणि ‘स्मृतिचित्रे’

प्रस्तावना

मराठी ख्रिस्ती साहित्याकडे पाहताना समीक्षेने प्रामुख्याने दोन प्रश्न विचारले. पहिला राष्ट्रीयत्वाचा : रेव्हरंड नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाल्यावरही स्वदेशाशी आणि स्वभाषेशी असलेले नाते कसे राखू शकले? दुसरा परंपरेचा : अभंग, ओवी आणि कीर्तन या रूपांत ख्रिस्तभक्ती कशी सामावली? हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत आणि त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्या प्रश्नापायी टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस पगार, घर आणि प्रतिष्ठा सोडली, तो प्रश्न साहित्यचर्चेच्या कडेलाच राहिला. ख्रिस्तानुयायी एकत्र येतात तेव्हा त्यांच्यातून जे निर्माण होते ते नेमके काय, आणि त्याचे पुढारपण कोणी व कसे करावे, हा तो प्रश्न होय.

हा विषय धर्मशास्त्राच्या अभ्यासकांचा आहे असे म्हणून तो बाजूला ठेवता येईल. तसे केल्यास मात्र दोन गोष्टींचे आकलन अपुरे राहते. एक, टिळकांनी १९१७ मध्ये मांडलेली ‘देवाचा दरबार’ ही कल्पना. आणि दुसरी, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र प्रांजळपणासाठी आणि विनोदासाठी वाखाणले गेले. मंडळी म्हणजे काय याचा मराठीतील सर्वांत कसदार विचारही त्याच पुस्तकात आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

शब्दाचे स्थलांतर

नव्या करारातील ‘एक्लेसिया’ हा ग्रीक शब्द मुळात धार्मिक नाही. नगरातील नागरिकांना बोलावून भरविलेली सभा, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होता. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी त्यासाठी ‘मंडळी’ हा शब्द निवडला. ही निवड विलक्षण समर्पक आहे. ‘मंडळी जेवायला बसली’, ‘घरची मंडळी’, ‘चला मंडळी’ अशा रोजच्या बोलण्यातला हा शब्द आहे. त्यात इमारत नाही, पद नाही, हुकूम नाही. जुन्या पिढीतील पुरुष आपल्या पत्नीचा उल्लेखही ‘आमची मंडळी’ असा करीत. पुढाऱ्यांसाठी मराठी बायबलात आलेले शब्दही असेच साधे आहेत : वडील, सेवक, पाळक, अध्यक्ष. यांपैकी पहिले दोन घरातले, तिसरा रानातला. केवळ ‘अध्यक्ष’ हाच शब्द पुढे सभासंमेलनांत गेला आणि खुर्चीशी जोडला गेला.

शब्द घरचा असला तरी व्यवहार घरचा राहिला नाही. आज शहरी प्रॉटेस्टंट कुटुंबात ‘चर्चला जाणे’ म्हणजे वास्तूकडे जाणे होय. वसईचा कॅथलिक समाज त्या वास्तूला ‘देऊळ’ म्हणतो, आणि त्यात निदान वास्तू व समाज यांचा घोटाळा होत नाही. ‘मंडळी’ हा शब्द मात्र उपासनेच्या पुस्तकांत, नोंदवह्यांत आणि निवडणुकीच्या सूचनाफलकांवर अधिक आढळतो. माणसांचा वाचक असलेला शब्द हळूहळू संस्थेचा वाचक झाला. हे अचानक घडले नाही. त्याची कारणे एकोणिसाव्या शतकातील मिशनच्या रचनेत शोधावी लागतात.

मिशन आणि मंडळी

अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे १८३१ मध्ये सुरू झाले. या मिशनला पाठविणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रुफस अँडरसन यांचा सिद्धान्त प्रसिद्ध आहे. मंडळीने आपला कारभार स्वतः चालवावा, आपला खर्च स्वतः भागवावा आणि आपला प्रसार स्वतः करावा. मिशनरी हा येऊन निघून जाणारा माणूस आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १८५४-५५ मध्ये ते स्वतः हिंदुस्थानात आले. त्याच सुमारास, १८५४ मध्ये, हरिपंत खिस्ते आणि रामकृष्णपंत मोडक यांना नगर येथे पाळकपदाची दीक्षा मिळाली. सिद्धान्ताच्या दृष्टीने पाहिले तर मराठी मंडळीच्या स्वराज्याचा आरंभ राजकीय स्वराज्याची भाषा जन्मण्याच्या कितीतरी आधी झाला होता.

प्रत्यक्षात तीन अडचणी आल्या. पहिली पैशाची. नगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजांतून आले होते, आणि दुष्काळी मुलखातील त्या भूमिहीन माणसांनी पाळकाचा पगार उचलावा ही अपेक्षा कागदावरच शोभणारी होती. पगार मिशनने दिला, आणि पगार देणाऱ्याकडे निर्णय गेला. दुसरी अडचण शाळेची. खेड्यात शिकविणारा, उपदेश करणारा आणि मिशनला अहवाल पाठविणारा माणूस बहुधा एकच असे. तो मंडळीचा सेवक की मिशनचा नोकर, हे त्याला स्वतःलाही सांगता आले नसते. तिसरी अडचण अधिक नाजूक आहे. आरंभीचे दीक्षित पाळक ब्राह्मण आणि त्यांची मंडळी प्रामुख्याने अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांची. शिक्षणाच्या तत्कालीन वाटपामुळे हे घडले हे खरे. तरीही जातिभेद अमान्य करणाऱ्या समाजात पुढारपण जातीच्या जुन्या वाटेनेच आले, हे नोंदविणे आवश्यक आहे.

पुढारपणाचा प्रश्न या काळात सर्वांत स्पष्टपणे पंडिता रमाबाईंनी विचारला होता. इंग्लंडमध्ये असताना, १८८५ च्या सुमारास, सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी बिशप आणि पाद्री यांची आज्ञा हीच देवाची आज्ञा मानण्यास नकार दिला. एका पुरोहितशाहीचे जू मानेवरून उतरवलेली व्यक्ती दुसऱ्या पुरोहितशाहीचे जू स्वीकारणार नाही, हा त्यांच्या भूमिकेचा आशय आहे. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. तो स्त्रीमुक्तीच्या इतिहासात वाचला जातो, आणि ते योग्यच आहे. पण मंडळीत अधिकार कोठून येतो या चर्चेतही त्याला स्थान असावयास हवे.

दरबार : एक रूपक आणि त्याची मर्यादा

टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला, आणि तो त्यांनी भारतीय पाळकाच्या हातून घेतला. पुढे नगर हेच त्यांचे कार्यक्षेत्र झाले. १९०४ मध्ये ते दीक्षित झाले. ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी अखेरची काही वर्षे केले. मिशनशी त्यांचे नाते कृतज्ञतेचे होते आणि घुसमटीचेही. मिशनरी आईबाप झाले की मंडळी कायमची मूल राहते, हा त्यांचा आक्षेप होता. तो त्यांनी गद्यात आणि पद्यातही मांडला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास राहून ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तानुयायी या बंधुत्वात येऊ शकत.

या घटनेचा अर्थ बहुधा ‘भारतीयीकरण’ या एका शब्दात सांगितला जातो. भगवी वस्त्रे, आश्रम, भजन ही बाह्य लक्षणे डोळ्यांत भरतात म्हणून तसे होते. टिळकांचा खरा धाडसी निर्णय वस्त्रांचा नव्हता. तो मंडळीची सीमा पुसण्याचा होता. सभासदत्वाची नोंदवही ही मिशनच्या कारभाराची मूळ शिला होती : कोण आत, कोण बाहेर, कोणाला मत, कोणाला प्रभुभोजन. टिळकांनी ती वही बाजूला ठेवली. नामांतर आणि समाजांतर केल्याशिवाय ख्रिस्ताजवळ बसता येते असे त्यांनी जाहीर केले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगणाऱ्या माणसाला तो पूल आपल्यामागे तोडून टाकणे शक्य नव्हते.

तथापि ‘दरबार’ हे रूपक काळजीपूर्वक तपासले पाहिजे. सिंहासनावर देव, आणि बाकीचे सगळे सारखेच सेवक, असा टिळकांचा अभिप्रेत अर्थ. परंतु दरबार म्हटला की मराठी मनाला मानाच्या जागा आठवतात. कोणाचे आसन कोणाच्या पुढे, कोणाला मुजरा, कोणाला विडा, याचे शास्त्र दरबाराइतके दुसरीकडे कोठेच नाही. वारकरी परंपरेतून ‘मेळा’ किंवा ‘दिंडी’ हे शब्द हाताशी असताना टिळकांनी राजसत्तेचे रूपक का निवडावे? त्यांच्या कवितेतील भक्ती स्वामी-सेवक भावाकडे झुकते हे एक कारण असू शकेल. दुसरे कारण त्यांच्या स्वभावात आहे. मिशनच्या साहेबाचे पितृत्व नाकारणारे टिळक स्वतः मात्र गुरूच्या भूमिकेत सहज शिरत. दरबारातील शिष्यांचा संबंध एकमेकांशी जुळण्याआधी टिळकांशी जुळला होता.

९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले आणि दरबार फार काळ टिकला नाही. दीड-दोन वर्षांच्या प्रयोगाला यशापयशाच्या फूटपट्टीने मोजणे अन्यायाचे होईल. पण त्याच्या विरण्याचे कारण केवळ काळाची कमतरता हे नव्हे. मिशनची घटना जाचक होती खरी, परंतु पाळक गेल्यावर दुसरा पाळक निवडण्याची रीत त्या घटनेत होती. दरबाराजवळ तशी रीत नव्हती. पगारापासून मुक्त झालेले पुढारपण व्यक्तीपासून मुक्त झाले नाही. जे. सी. विन्स्लो यांनी १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले; त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली होती. भारतीय आणि इंग्रज यांनी एकत्र राहावे हा टिळकांचा धागा त्या संघाने पुढे नेला, पण तो व्रतस्थांचा संघ होता. चूल, मुले आणि कर्ज असलेल्या माणसांची मंडळी कशी असावी, हा प्रश्न तेथेही उरलाच.

‘स्मृतिचित्रे’ : पंगतीतून मंडळीकडे

त्या प्रश्नाचे उत्तर टिळकांच्याच घरात, त्यांच्या पत्नीच्या लेखणीतून मिळते. टिळकांनी ख्रिस्ती होताना लक्ष्मीबाईंना विचारले नव्हते. जवळजवळ पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नगरला पतीकडे आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. आपले सोवळे सांभाळूनच त्या राहिल्या, आणि ते त्यांना पाळता यावे म्हणून टिळकांनी स्वतंत्र सोय करून दिली. या तपशिलाकडे सहसा पतीच्या उदारपणाचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. पण त्यात आणखी काही आहे. धर्माधिकारी झालेल्या माणसाच्या घरातच दोन चुली आहेत, आणि तो एक चूल विझविण्याचा अधिकार वापरत नाही. टिळकांच्या साऱ्या पुढारपणात हा संयम कदाचित सर्वांत मोठा आहे.

‘स्मृतिचित्रे’च्या आरंभी लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या कडकडीत सोवळ्याची हकीकत येते. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेणारे ते घर विनोदाने रंगविलेले आहे, आणि वाचक हसतो. या हसण्यात पुस्तकाच्या रचनेतील एक महत्त्वाची गोष्ट निसटते. ज्या मुलीने जगाचा स्पर्श धुऊन टाकण्याचे शिक्षण घेतले, ती स्त्री पुढे कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निश्चय कसा करते, हा या आत्मचरित्राचा कणा आहे. आणि क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. लक्ष्मीबाईंनी आधी जातिभेद टाकला. ख्रिस्तावरचा विश्वास त्यानंतर आला. १९०० मध्ये राहुरी येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला तो या प्रवासाच्या शेवटी. उच्चनीचता देवाने केलेली असणे शक्य नाही, हा निष्कर्ष त्यांनी कोणाच्या प्रवचनातून घेतला नाही. तो त्यांनी स्वतःच्या विचाराने काढला.

येथे नव्या करारातील दोन प्रसंगांची आठवण होते. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता आणि यरुशलेमेहून काही माणसे येताच पंगतीतून मागे सरला. पौलाने त्याला तोंडावर विरोध केला. करिंथात प्रभुभोजनाच्या वेळी पोटभर जेवणारे आणि उपाशी राहणारे असे दोन वर्ग पडले. पौलाने त्यांचीही कानउघाडणी केली. दोन्ही ठिकाणी मंडळी मोडली ती मताच्या भेदाने नव्हे, ताटाच्या भेदाने. एकोणिसाव्या शतकातील मिशनने मंडळीची कसोटी श्रद्धेच्या कबुलीजबाबात शोधली. लक्ष्मीबाईंनी ती पंगतीत शोधली, आणि मूळ ग्रंथाच्या त्या अधिक जवळ गेल्या. त्यांनी असे काही जाणून केले असे म्हणण्याचे कारण नाही. जन्माने ब्राह्मण असलेल्या बाईला मंडळी कोठे मोडते हे कोणी शिकवावे लागले नाही, इतकेच.

पुढे टिळकांचे घर जे झाले त्याला ‘मंडळी’शिवाय दुसरा शब्द नाही. निराधार मुले, अडलेले प्रवासी, विद्यार्थी, पाहुणे यांची ये-जा. दत्तक घेतलेली तारा. आणि त्र्यंबक बापूजी ठोंबरे. बालकवींचे या घरातील वास्तव्य साहित्येतिहासात एका कवीला मिळालेला आश्रय म्हणून नोंदले जाते. पण बाप्तिस्मा न घेतलेला हा तरुण त्या घरात मुलासारखा राहिला. त्याचे रुसवे, त्याची भांडणे, त्याचे लाड लक्ष्मीबाईंनी ज्या आपलेपणाने लिहिले आहेत त्यात तो ‘आतला’ की ‘बाहेरचा’ हा प्रश्नच उद्भवत नाही. १९१७ मध्ये टिळकांनी ज्या सीमारहित बंधुत्वाची घोषणा केली ते नगरच्या स्वयंपाकघरात त्याआधीच चालू होते. त्याला नाव नव्हते, एवढाच फरक.

लक्ष्मीबाईंच्या पुढारपणाचे स्वरूपही यातूनच स्पष्ट होते. टिळक हाती आलेला पैसा वाटून टाकीत. संध्याकाळी किती ताटे मांडायची आणि डब्यात काय उरले आहे हे लक्ष्मीबाईंना माहीत असे. दातृत्वाची कीर्ती एकाची आणि हिशेब दुसऱ्याचा, ही विभागणी त्यांनी कुरकुरत, हसत, कधी चिडून पण लपवाछपवी न करता लिहिली आहे. टिळकांचा तापट स्वभाव, न सांगता घरातून निघून जाणे, वाद आणि समेट हे सगळे त्यात आहे. संतचरित्राच्या साच्यात असे लिहिता येत नाही. मंडळीच्या पुढाऱ्याविषयी प्रेमाने आणि तरीही निर्भीडपणे बोलता येणे, हेच मंडळी निरोगी असल्याचे लक्षण मानले तर ‘स्मृतिचित्रे’ हे त्याचे उत्तम उदाहरण ठरते. टिळकांवर त्यांच्या शिष्यांनी लिहिलेल्या भक्तिपर मजकुराशेजारी हे पुस्तक ठेवून पाहावे. दरबारात कोणती गोष्ट नव्हती ते ध्यानात येते.

या पुस्तकाच्या इंग्रजी अवताराने मात्र वेगळीच वाट धरली. ई. जोसेफिन इंक्स्टर यांचे १९५० चे भाषांतर ‘आय फॉलो आफ्टर’ या नावाने आले. मागून चालणारी, अनुसरणारी स्त्री, असा अर्थ त्या शीर्षकाने पुस्तकावर आधीच लादला. मूळ नावात अनुसरण नाही. आठवणींची चित्रे आहेत आणि ती काढणारा हात तिचा स्वतःचा आहे. टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले असता त्यातील बहुतेक अध्याय लिहून ते पूर्ण करणारी हीच स्त्री होती. शांता गोखले यांच्या २०१७ च्या भाषांतराने मूळ शीर्षक कायम ठेवले, हे उचितच झाले.

आजचा संदर्भ

कॅथलिक पंथात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये स्वीकारलेल्या ‘लुमेन जेन्तियुम’ या दस्तऐवजात ‘देवाची प्रजा’ हे प्रकरण धर्माधिकाऱ्यांच्या श्रेणीवरील प्रकरणाच्या आधी ठेवले गेले. प्रकरणांचा हा क्रम म्हणजेच एक विधान होते. वसईत त्याचा एक मराठी आविष्कार दिसला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांनी ‘सुवार्ता’ या मासिकाचे संपादन करताना आणि हरित वसईच्या चळवळीत उतरताना पाण्याचा व जमिनीचा प्रश्न सर्वधर्मीयांचा मानला. तेथेही पुढारी धर्मगुरूच होता, आणि त्याच्या व्यक्तिमत्त्वाचे तेज मोठे होते. टिळकांविषयीचा आक्षेप काही प्रमाणात तेथेही लागू पडतो.

प्रॉटेस्टंट बाजूस २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली आणि अनेक मिशनांच्या मंडळ्या एका छत्राखाली आल्या. परदेशी पगार गेला, साहेब गेला. बंगला, जमीन, शाळा आणि रुग्णालय मागे राहिले. अँडरसन यांच्या तीन तत्त्वांत मालमत्तेचा विचार पुरेसा नव्हता. परिणामी, पाळकाच्या निवडीपेक्षा विश्वस्तांच्या निवडीला अधिक चुरस असते आणि मंडळ्यांचे वाद प्रार्थनेत न मिटता न्यायालयांत जातात. या स्थितीत ‘सेवक-नेतृत्व’ यांसारखे शब्द शिबिरांतून पुष्कळ ऐकू येतात. ते बहुतेक व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांतून आलेले असतात. त्याच अर्थाचा अनुभव मराठीत आधीच लिहिला गेला आहे, पण तो धार्मिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात नाही आणि साहित्याच्या अभ्यासक्रमात विनोदी उताऱ्यांपुरता आहे.

‘स्मृतिचित्रे’लाही एक मर्यादा आहे आणि ती गंभीर आहे. पंगतीत येऊन बसणाऱ्या ब्राह्मण स्त्रीचा प्रवास त्यात आहे. जिच्या हातचे पाणी पिण्याचा निश्चय करावा लागला त्या महार किंवा मांग ख्रिस्ती स्त्रीचा नाही. मंडळीतील बहुसंख्य तीच होती. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने मुक्ता साळवे या मांग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला होता. ती जोतीराव फुल्यांच्या शाळेची विद्यार्थिनी होती, मिशनच्या मंडळीची सभासद नव्हे. तरीही मंडळीच्या पत्राने तिला बोलण्यास जागा दिली. नगर, राहुरी, वडाळा परिसरातील खेड्यांच्या मंडळ्यांत अशी आणखी कोणती जागा निर्माण झाली, कोणत्या बायका पदाशिवाय पुढारी झाल्या, कोणी प्लेगमध्ये आणि दुष्काळात ताटे मांडली, याचा शोध १८४२ पासूनच्या ‘ज्ञानोदय’च्या अंकांतून आणि मिशनच्या वार्षिक अहवालांतून घेता येईल. अहवाल मिशनऱ्यांनी इंग्रजीत, पाठविणाऱ्या बोर्डासाठी लिहिलेले आहेत, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावे लागतील.